आयता अर्ज

पुण्याच्या आयसर संस्थेत २०१९ साली ‘परम ब्रह्म’ हा महासंगणक उभा राहिला. अशा यंत्रावर रेणूची ऊर्जा काढायची, तर आधी ‘स्क्रिप्ट’ म्हणजे एक अर्ज लिहावा लागतो: किती प्रोसेसर, किती मेमरी, किती तास. हल्ली हा अर्ज आयता लिहून देणारे प्रोग्रॅम निघाले आहेत. त्यांना माझा विरोध नाही. परंतु तास कमी मागितले, तर गणित अर्ध्यावर तोडले जाते. प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त अडवले, तर दुसऱ्या संशोधकाची पाळी लांबते. यंत्र जनतेच्या पैशाचे आहे. म्हणून सिल्वासातून पुढे संशोधनाला जाणाऱ्या मित्रहो, अर्ज यंत्राने खुशाल लिहावा. पाठवण्यापूर्वी त्यातली प्रत्येक ओळ मात्र आपल्याला उमगलेली असावी.