यादीत नसलेली माणसे

पावसाळा तोंडावर आला की तालुक्याहून ग्रामपंचायतीकडे आपत्ती आराखड्याची मागणी होते. पुष्कळ गावांत मागच्या वर्षीचाच कागद निघतो, तारीख तेवढी बदलते. त्यात दोर, बॅटऱ्या, पोहणाऱ्यांची नावे असतात. अंथरुणाला खिळलेली म्हातारी कोणत्या घरात आहे, बहिऱ्या माणसाला भोंगा कसा कळणार, दिवस भरलेल्या बाईला कोणी उचलायचे, हे मात्र क्वचितच सापडते. वीटभट्टीवरच्या कुटुंबांचे तर विचारूच नका. नाव एका गावात, खोपी दुसऱ्या गावात!

19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. 27 मृतदेह हाती लागले, 57 माणसे बेपत्ताच राहिली. ठाकर आदिवासींची ही वाडी दरडीचा धोका असलेल्या गावांच्या सरकारी यादीत नव्हती. वाडीला रस्ताही नव्हता. बचाव पथके डोंगर चढून पायी गेली. रस्ता नाही आणि यादीत नावही नाही, हा निव्वळ योगायोग आहे असे आम्ही मानीत नाही.

होऊ शकत नाही, हे म्हणणे आम्हाला मान्य नाही. ओरिसात ऑक्टोबर 1999 च्या महाचक्रीवादळाने सुमारे दहा हजार बळी घेतले. त्याच राज्यात 2019 च्या फानी वादळाआधी सुमारे 12 लाख लोक हलवले गेले आणि मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला. हवामानाचा अंदाज सुधारला हे खरेच. पण मधल्या वीस वर्षांत गावोगाव निवारे बांधले गेले, स्वयंसेवक तयार झाले, गरोदर बायांना वादळाआधीच दवाखान्यात हलवण्याची शिस्त लागली.

कायदाही आहे. अपंगांच्या हक्कांच्या 2016 च्या कायद्याचे कलम 8 सांगते की जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जिल्ह्यातील अपंगांची नोंद ठेवावी व धोक्याची सूचना त्यांच्यापर्यंत पोहोचवावी. पण जिल्ह्याच्या कपाटातली नोंद रात्री दोन वाजता गावाच्या काय उपयोगाची? ती वस्तीवर हवी, आणि प्रत्येक नावापुढे उचलून नेणाऱ्या शेजाऱ्याचे नाव हवे. समितीत त्या म्हातारीची सून, आंधळा गावकरी, वाडीवरची बाई बसली पाहिजे. निवाऱ्याच्या पायऱ्या कोणाला चढवत नाहीत, हे त्यांनाच ठाऊक असते.

यात आपल्या सभासदांचा संबंध थेट येतो. कोणाच्या उंबऱ्यापर्यंत जाऊन पेन्शन द्यावी लागते, हे ग्रामीण डाकसेवकाला पाठ असते. पुलाखालचे पाणी कधी वाढते, हे गस्तीवरचा ट्रॅकमन आधी पाहतो. त्यांना समितीत जागा द्या, अशी आमची मागणी आहे. मात्र ज्या डाकसेवकाला खाते अद्याप नियमित कर्मचारी मानीत नाही, त्याच्या डोक्यावर हे काम फुकटात लादण्यास आमचा विरोध राहील. कामाचा मोबदला आणि अपघात विमा आधी, हुकूम मागाहून.

महाराष्ट्रात 1 मे रोजी ग्रामसभा भरते. मोर्चा आटोपून गावी जाणाऱ्या सभासदांनी तेथे आराखडा मोठ्याने वाचायला लावावा, आणि कोणती वाडी राहिली ते उभे राहून विचारावे.