ऑनलाइन सट्टा : कायदा आला, सवय सुटली का?

सट्ट्याची तक्रार घेऊन दवाखान्यात कुणी येत नाही. झोप लागत नाही, छातीत धडधडतं, पित्त वाढलंय, कामात लक्ष लागत नाही, असं सांगतात. सोबत आलेली पत्नी किंवा वडील मग बाजूला येऊन हळूच बोलतात, ‘डॉक्टर, रात्री दोन-दोनपर्यंत मोबाईल सुटत नाही.’

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. २२ तारखेला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली आणि ड्रीम११ने पैशांच्या स्पर्धा थांबवल्या. असा खेळ चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. खेळणाऱ्याला मात्र या कायद्यात शिक्षा नाही. तेव्हा डॉक्टरांना खरं सांगितलं तर पोलीस घरी येतील, ही भीती मनातून काढून टाका.

उघड ॲप बंद झाली तरी बुकीकडून व्हॉट्सॲपवर ‘आयडी’ घेऊन चालणारा सट्टा आधीपासूनच बेकायदा होता आणि तरीही चालत होता. ज्याला सवय जडली आहे तो कायदा वाचून थांबेल, असं मला वाटत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या यादीत जुगाराचं व्यसन हा आजार आहे, दारूच्या व्यसनाच्याच गटात. बक्षीस कधी मिळेल हे ठाऊक नसतं, तेव्हा मेंदू त्या गोष्टीला जास्त चिकटतो. थोडक्यात हुकलेला डावही ‘जवळजवळ जिंकलोच’ असं वाटायला लावतो. पूर्वी मटक्याचा आकडा लावून निकालाची वाट पाहावी लागे. आता प्रत्येक चेंडूवर पैसे लावता येतात, त्यामुळे मधे डोकं थंड व्हायला उसंतच मिळत नाही. मग सुरू होतं ते सगळ्यात घातक, गेलेले पैसे परत मिळवण्यासाठी आणखी मोठा डाव.

नागपूरचं २०२३चं प्रकरण तुम्ही वाचलं असेल. एका व्यापाऱ्याने सुमारे ५८ कोटी रुपये गमावल्याची तक्रार केली. सुरुवातीला त्याला जिंकूही दिलं होतं. ॲपच बनावट असल्याचा आरोप होता. आपल्याकडे रक्कम एवढी नसते, पण सोयाबीनची पट्टी, बहिणीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे, मोबाईलवरचं झटपट कर्ज, या क्रमाने पैसे जातात. घसरण तीच.

घरच्यांनी काय पाहावं? हिशेब विचारला की चिडणं, सारखी उसनवारी, दागिना किंवा गाडी गहाण, मॅच संपल्यावर एकदम उदास होणं. आणखी एक, जे सहसा कुणी विचारत नाही : कंपवाताच्या प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल या गोळ्यांनी काही रुग्णांना जुगाराची तीव्र ओढ लागते. घरातल्या वडीलधाऱ्यांनी अचानक पैसे लावायला सुरुवात केली, तर गोळ्यांची चिठ्ठी डॉक्टरांना दाखवा. गोळी मनानेच बंद करू नका.

‘एवढं कर्ज फेडून टाकतो, पुन्हा खेळू नकोस’ असं म्हणून जमीन विकणारे वडील असतात. त्यांची माया कळते, पण उपचाराविना फेडलेलं कर्ज बरेचदा पुन्हा उभं राहतं. आधी किती देणं आहे ते सगळ्यांसमोर कागदावर लिहा. यूपीआय आणि एटीएम कार्ड काही महिने घरातल्या दुसऱ्या माणसाकडे द्या. शपथा घेण्यापेक्षा याचा उपयोग जास्त होतो. उपचारात मुख्य भर समुपदेशनावर असतो. नैराश्य किंवा दारू सोबत असेल तर त्याचे औषध लागते, आणि काहींना मनोविकारतज्ज्ञ ओढ कमी करणारं औषधही देतात. परभणीच्या जिल्हा रुग्णालयात सुरुवात करता येईल. घरून बोलायचं असेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मोफत, मराठीतही.

मोठी रक्कम हरल्यानंतरचे दिवस जिवाच्या दृष्टीने सर्वांत धोक्याचे. ‘माझ्यामुळे घर बुडालं’, ‘मी नसलेलाच बरा’ असं तो बोलला, तर ‘जीव द्यायचा विचार येतो का?’ असं थेट विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. घरात किंवा गोठ्यात फवारणीचं औषध असेल तर ते त्याच दिवशी शेजाऱ्याकडे कुलपात ठेवा, त्याला एकटं सोडू नका आणि सकाळची वाट न पाहता रुग्णालयात घेऊन या.