‘अवलंबित’ म्हणून जाताना

सप्टेंबर २०२५मध्ये अमेरिकेने नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लावले, तेव्हा आपल्या वर्तमानपत्रांना कंपन्यांची आणि मुलांच्या नोकऱ्यांची काळजी लागली. या मुलांपाठोपाठ एच-४ व्हिसावर जाणाऱ्या बायकांचे काय, असे फारसे कुणी विचारले नाही. समुपदेशनाच्या कामात मला मात्र हाच प्रश्न पुन्हा पुन्हा भेटतो.

एच-४ म्हणजे ‘अवलंबित’. इथे स्वतः कमावणारी इंजिनियर मुलगी विमानातून उतरते ती कायद्याच्या लेखी नवऱ्याची पुरवणी होऊन! २०१५पर्यंत तिला नोकरीची परवानगीच नव्हती. त्या वर्षीच्या मेपासून काहीजणींना ती मिळू लागली. पण नवऱ्याचे ग्रीनकार्डाचे प्रकरण ठरावीक टप्प्यावर पोचलेले हवे, आणि ते पुढे नेणार बहुधा त्याची कंपनी. म्हणजे बाईची नोकरी नवऱ्याच्या मालकाच्या हाती. त्यात ग्रीनकार्डांवर देशागणिक सात टक्क्यांची मर्यादा असल्याने भारतीयांची रांग वर्षानुवर्षे हलत नाही. ‘तात्पुरत्या’ व्हिसावर तिची उमेदीची वर्षे सरतात.

आणि घरात मारहाण होत असेल तर? स्त्रियांवरील हिंसाचाराविरुद्धच्या तिथल्या १९९४च्या कायद्यानुसार नागरिकाची वा ग्रीनकार्डधारकाची छळ सोसणारी पत्नी नवऱ्याला न विचारता स्वतः अर्ज करू शकते. एच-१बीवाल्याच्या पत्नीला ती वाट नाही. घटस्फोट झाला की तिचा एच-४ संपतो. तिच्यासारख्या पीडितांना कामाची परवानगी देणारी दुरुस्ती २००५मध्ये झाली, पण अंमलात यायला २०१७ उजाडले! तीही परवानगी कामाची, राहण्याची नव्हे. गुन्ह्याच्या बळींसाठी यू-व्हिसा आहे. मात्र वर्षाला १०,००० हीच मर्यादा, आणि रांग अनेक वर्षांची. नवऱ्याला हे सारे ठाऊक असते. ‘पोलिसांत गेलीस तर परत पाठवीन’ एवढे म्हटले तरी त्याचे काम होते.

स्थानिकांच्या नोकऱ्यांचे काय, हा तिथल्या सरकारांपुढचा पेच खोटा आहे असे मी म्हणणार नाही. पण नवऱ्याच्या श्रमाची गरज म्हणून कुटुंबाला येऊ द्यायचे आणि बायकोला स्वतःचा दर्जा नाकारायचा, हा पेच नव्हे, ही निवड आहे. कॅनडाने २०१९पासून कौटुंबिक हिंसाचारातून बाहेर पडणाऱ्या, नवऱ्यावर दर्जा अवलंबून असलेल्या स्त्रियांसाठी स्वतंत्र तात्पुरत्या परवान्याची सोय केली. तो आदर्श आहे असे नाही, पण असे करता येते एवढे त्यातून दिसते.

इकडे आपण काय करतो? परदेशातले स्थळ आले की पगार विचारतो, घर विचारतो. मुलगी कोणत्या व्हिसावर जाणार, कामाची परवानगी केव्हा मिळणार, तिचा पासपोर्ट कुणाच्या कपाटात राहणार, हे विचारणारे आईवडील मला आजवर विरळाच भेटले.