निर्मळ आकाशाचा आग्रह

विमानांची छायाचित्रे टिपणाऱ्यांचे एक जग आहे आणि त्या जगाला स्वतःचे कडक व्याकरण आहे, ही गोष्ट साहित्याच्या अभ्यासकांच्या सहसा ध्यानात येत नाही. एअरलायनर्स डॉट नेट किंवा जेटफोटोज यांसारख्या संग्रहांत चित्र दाखल व्हायचे तर ते आधी परीक्षकांच्या नजरेखालून जावे लागते. क्षितिज तिरके नको. विमान चौकटीच्या मधोमध हवे. कडा रेखीव हव्यात, पण त्यांना करवतीचे दाते फुटलेले नकोत. आकाशात दाणे नकोत. उन्हाच्या झळांची थरथर नको. विमानाच्या आड खांब, कुंपण नको. दोष आढळला की चित्र परत. साहजिकच छायाचित्रकार संगणकापुढे बसतो, क्षितिज सरळ करतो, चौकट कापतो, उजेडाचा तोल सांभाळतो, दाणे पुसतो, धार लावतो आणि पुन्हा रांगेत उभा राहतो.

या संपादनाला आमची हरकत नाही. या साऱ्या नियमांना ‘दर्जा’ हे एकच नाव दिले जाते, याला मात्र आहे. कारण त्या एका नावाखाली दोन अगदी भिन्न गोष्टींची मोट बांधली गेली आहे.

हा भेद आपल्याला नवा नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम सुरू झाले आणि १९६६ साली ते पूर्ण झाले. त्या परंपरेतल्या संपादकाने लेखनिकाचा प्रमाद आणि ग्रंथाचा पाठ यांत कधी गल्लत केली नाही. लेखनिकाची डुलकी लागून अक्षर सांडले असेल तर ते दुरुस्त करावे. पण शब्द केवळ ओबडधोबड वाटतो, आजच्या कानाला खटकतो, म्हणून तो बदलू नये. किंबहुना अवघड पाठच बहुधा जुना, हे पाठचिकित्सेचे पहिल्या दिवशी शिकवले जाणारे सूत्र. आणि जो पाठ संपादकाने नाकारला तोही तळटीपेत छापावा, म्हणजे पुढच्या पिढीला त्याचा न्याय तपासता येतो.

आता हीच कसोटी विमानाच्या चित्राला लावून पाहू. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर बसलेल्या धुळीचा ठिपका आकाशात नव्हता. तो लेखनिकाचा प्रमाद आहे, खुशाल पुसावा. हात हलला म्हणून क्षितिज कलले, सरळ करावे. परंतु तापलेल्या धावपट्टीवरून उठणारी झळ तिथे होती. धुरकट हवा तिथे होती. विमानाच्या पोटाखालचे पत्र्याचे छप्पर आणि विजेची तार तिथे होती. हे कॅमेऱ्याचे दोष नव्हेत, ती त्या स्थळाची साक्ष आहे. परीक्षकाच्या यादीत मात्र धुळीचा ठिपका आणि मेची दुपार शेजारी शेजारी बसतात.

या नियमांचे समर्थक म्हणतील की ते सत्यासाठीच आहेत. हे अर्धे खरे आहे, आणि त्या अर्ध्याचा आम्ही आदर करतो. चित्रातली वस्तू उडवू नये किंवा नवी घालू नये, हा नियम योग्यच आहे. २००६ साली लेबनॉनच्या युद्धात एका छायाचित्रकाराने इस्रायली एफ-१६ विमानातून सुटलेल्या एका ज्योतीच्या तीन ज्योती केल्या. बैरूतवरचा धूरही त्यानेच दाट केला होता. रॉयटर्सने त्याची सगळी, म्हणजे ९२० छायाचित्रे विक्रीतून काढून घेतली. असे खोटेपण रोखायलाच हवे. पण वस्तू हलवणे हे खोटे आणि हवा धुऊन काढणे हा दर्जा, ही वाटणी कोणत्या न्यायाने झाली?

याचा परिणाम मुंबईत पाहावा. पूर्वेकडून मुख्य धावपट्टीवर उतरणारी विमाने घाटकोपर-कुर्ल्यावरून, जरीमरीच्या छपरांना जवळजवळ शिवत येतात. या शहराच्या हवाई इतिहासातले सर्वांत बोलके दृश्य तेच. पण त्यात खांब आहेत, तारा आहेत, पावसाळ्यात चार महिने अंधारलेला उजेड आहे आणि हिवाळ्यात धुरके आहे. चित्र स्वीकारले जावे अशी इच्छा असणारा माणूस हळूहळू शिकतो की छपरे चौकटीबाहेर ठेवावीत, पावसात घरी बसावे आणि निळ्या आकाशाची वाट पाहावी. त्याला कोणी मनाई केलेली नसते. नियमच त्याच्या डोळ्यांत उतरलेला असतो. मग मुंबईचे विमान आणि झुरिकचे विमान यांत शेपटीवरच्या रंगाखेरीज फरक उरत नाही. प्रमाणभाषेच्या आग्रहाने बोलींचे काय झाले, हे ज्यांनी अभ्यासले आहे त्यांना यापुढचे सांगण्याची गरज नाही.

यावर आणखी एक उत्तर ठरलेले आहे: दुर्मीळ आणि जुन्या चित्रांना सवलत दिली जाते. दिली जाते हे खरे. १७ डिसेंबर १९०३ रोजी किटी हॉकजवळ जॉन डॅनियल्स याने टिपलेले पहिल्या उड्डाणाचे चित्र आज कोण परत पाठवील? त्यात विमान पाठमोरे आहे, आणि १९१३च्या डेटनच्या पुरात त्या काचेच्या निगेटिव्हची हानीही झालेली आहे. पण सवलत देण्यासाठी दुर्मीळ काय हे आधी कळावे लागते, आणि ते काळ सांगतो, परीक्षक नव्हे. किंगफिशरचे लाल विमान २०११ साली मुंबईत रोजचे होते. २०१२ साली कंपनी बंद पडली. जेट एअरवेजचे विमान रोजचे होते. २०१९च्या एप्रिलमध्ये तेही थांबले. ज्या दिवशी ही विमाने सामान्य होती त्या दिवशी त्यांची धुरकट, छपरांसकट चित्रे ‘दर्जाहीन’ ठरून परत गेली असतील, तर आज कोणती सवलत ती परत आणणार?

आमची मागणी अवाजवी नाही. परीक्षक बहुतेक ठिकाणी स्वेच्छेने, विनामोबदला काम करतात. त्यांच्या कष्टांची आम्हाला जाण आहे. पण संग्रह म्हणवून घ्यायचे असेल तर भांडारकरी शिस्त पत्करावी. संपादित चित्राबरोबर मूळ प्रत जपावी. काय बदलले त्याची नोंद चित्राखाली ठेवावी. कॅमेऱ्याचा दोष आणि स्थळाचा गुण यांची दोन वेगळी कलमे करावीत आणि दुसऱ्या कलमाखाली कोणतेही चित्र परत पाठवू नये.

हे जमत नसेल तर निदान ‘संग्रह’ हा शब्द सोडावा आणि ‘प्रदर्शन’ म्हणावे. प्रदर्शनात सुंदर तेवढेच मांडण्याचा हक्क मांडणाराला असतो. संग्रहावर हक्क असतो तो पुढे येणाऱ्या, अजून न जन्मलेल्या वाचकाचा. विमान कसे होते एवढ्यावर त्याचे भागणार नाही. ते कोणाच्या डोक्यावरून गेले, हेही तो विचारील.