निविदा जिंकली, ट्रक आलाच नाही

अमेरिकेच्या संरक्षण खात्याची एक जुनी तक्रार आहे. कंत्राट हातचं गेलेल्या कंपन्या उठसूट हरकती घेतात, कामं रखडतात आणि भुर्दंड शेवटी सैनिकाला बसतो. ही कुरकुर आता कायद्यापर्यंत पोचली आहे. २०२५ या आर्थिक वर्षाच्या संरक्षण कायद्यात तिथल्या संसदेने एक प्रस्तावच मागवला : हरकत फेटाळली गेली, तर तिचा खर्च हरणाऱ्याच्या माथी कसा मारता येईल?

हा रोग एका जागी आणि औषध भलत्याच जागी, असा प्रकार आहे. पटत नसेल तर सैनिकांच्या घरसामानाच्या कंत्राटाची हकिगत पाहा.

सैन्य म्हटलं की आपल्याला तोफा आणि विमानं आठवतात. प्रत्यक्षात त्याला जेवण लागतं, धोबी लागतो, बराकींची डागडुजी लागते आणि बदली झाली की घरसामान हलवावं लागतं. अमेरिकेत अशी सुमारे तीन लाख बिऱ्हाडांची खेप दर वर्षी इकडून तिकडे जाते. पूर्वी हे काम शेकडो कंपन्यांमध्ये वाटलेलं होतं. २०१८च्या उन्हाळ्यात फुटलेल्या, हरवलेल्या, उशिरा आलेल्या सामानाच्या तक्रारींचा पूर आला, तेव्हा सैन्याच्या ट्रान्सपोर्टेशन कमांडने ठरवलं की सगळा कारभार एकाच कंत्राटदाराकडे द्यायचा.

एप्रिल २०२०मध्ये ते कंत्राट ‘अमेरिकन रोल-ऑन रोल-ऑफ’ या जहाज कंपनीला मिळालं. हरलेल्या दोघांनी ‘गव्हर्न्मेंट अकाउंटॅबिलिटी ऑफिस’ म्हणजे जीएओकडे धाव घेतली. ऑक्टोबरमध्ये जीएओने हरकती मान्य केल्या. नव्याने मूल्यमापन झालं आणि नोव्हेंबर २०२१मध्ये ‘होमसेफ अलायन्स’ जिंकली. नऊ वर्षांत १७.९ अब्ज डॉलरपर्यंत जाऊ शकणारं काम! पुन्हा हरकती आल्या. मार्च २०२२मध्ये जीएओने त्या फेटाळल्या, वर्षअखेरीस न्यायालयानेही.

म्हणजे वादात अडीच वर्षं गेली, हे कबूलच. पण न्यायालयाचा निकाल लागल्यावर पहिलं सामान हलायला एप्रिल २०२४ उजाडला. हे जवळपास दीड वर्ष कुणाच्या खात्यावर मांडायचं? आणि सामान हलू लागल्यावर काय झालं? दर परवडत नाहीत म्हणून स्थानिक हमाल-ट्रकवाल्यांपैकी अनेकांनी काम घ्यायला नकार दिला. २०२५च्या सुरुवातीला कामाचा बोजा वाढला, तशी सामान न्यायला ठरल्या दिवशी कुणी फिरकेना. खोकी भरून घरात बसलेली कुटुंबं, मुलांची शाळा दुसऱ्या राज्यात, आणि ट्रकचा पत्ता नाही. जून २०२५मध्ये कंत्राट रद्द झालं. कारण दिलं ते जबाबदारी पार पाडण्याच्या असमर्थतेचं.

आता सांगा, यात हरकत घेणाऱ्यांचा दोष कोणता?

जीएओ हा परीक्षेचा पेपर पुन्हा तपासत नाही. जाहीर केलेल्या निकषांवरच गुण दिले का, दिलेली कारणं नोंदीत आहेत का, ती तर्काला धरून आहेत का, एवढंच शंभर दिवसांत बघायचं, हे त्याचं काम. तोवर १९८४च्या कायद्याने कंत्राट सहसा थांबून राहतं. प्रश्नपत्रिकाच चुकली असेल, तर ती हरकत निविदा भरायच्या मुदतीआधीच घ्यावी लागते, नंतर दार बंद. आणि ठरीव दराच्या कंत्राटात दर अशक्य वाटावा इतका कमी आहे का, हे तपासायचं बंधन सरकारवर सर्वसाधारणपणे नसतं. तशी तपासणी करू, असं निविदेत आधी म्हटलेलं असेल तरच ती होते. आपल्याकडच्या ‘एल-वन’चा, सर्वांत कमी बोलीचा, महिमा ज्यांनी खड्ड्यांतून अनुभवला आहे, त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

थोडक्यात, अडीच वर्षं वकील भांडले ते प्रस्तावाच्या कागदांना मिळालेल्या गुणांवर. या दरात ट्रक कोण चालवणार, हा प्रश्न पंचाच्या कक्षेतच नव्हता. तो विचारायचा होता मूल्यमापन करणाऱ्याने. पुढे २०२५मध्ये जीएओच्याच लेखापरीक्षकांनी म्हटलं की कंत्राटदाराच्या क्षमतेबद्दल खात्याकडे पुरेशी माहिती नाही.

हरकतींचा सुळसुळाट झाला आहे, हेही खरं नाही. रँड संस्थेच्या २०१८च्या अभ्यासात संरक्षण खात्याच्या कंत्राटांपैकी ०.३ टक्क्यांहून कमी कंत्राटांवर हरकत आल्याचं दिसलं. २०२४ या आर्थिक वर्षात जीएओने निकाल दिलेल्या हरकतींपैकी १६ टक्के मान्य झाल्या. पण निकालाआधीच खात्याने मुकाट्याने चूक दुरुस्त केली, अशी प्रकरणं धरली तर निम्म्याहून अधिक तक्रारदारांच्या पदरात काहीतरी पडलं. उगाच भांडणाऱ्यांचा आकडा असा नसतो.

कुणी म्हणेल, फरक काय पडतो? २००७मध्ये लष्कराच्या रसद-सेवांच्या ‘लॉगकॅप ४’ कंत्राटावरच्या हरकती जीएओने मान्य केल्या, आणि एप्रिल २००८मध्ये पुन्हा त्याच तीन कंपन्या निवडल्या गेल्या. खरं आहे. पण या वेळी सरकारला कारणं धड लिहावी लागली. हरकत घ्यायला कुणी नसतंच तेव्हा काय होतं, तेही पाहा. २००३मध्ये इराकच्या तेलक्षेत्राचं काम केबीआरला स्पर्धेविना दिलं गेलं. दुसरा निविदाकारच नाही, मग हरकत कोण घेणार? आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सच्या कंत्राट-प्रमुख बनाटीन ग्रीनहाऊस यांनी आतून आवाज उठवला. २००५मध्ये त्यांची पदावनती झाली, आणि २०११मध्ये सरकारने ९,७०,००० डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. (होमसेफमधली एक भागीदार कंपनी हीच केबीआर.)

तेव्हा दंड कुणाला लावायचा असेल तर तो कागदी मूल्यमापनाला लावा. श्रमावर चालणाऱ्या सेवांमध्ये दर परवडणारा आहे का, याची तपासणी सक्तीची करा. प्रस्तावात ज्या ट्रकवाल्यांची नावं आहेत, त्यांच्या सह्या त्याच दरासह मागा. दोन-चार तळांवर काम करून दाखवल्याशिवाय देशभरचा कारभार सोपवू नका. आणि गुणपत्रक हरलेल्याच्या हाती पूर्ण द्या. निम्म्या हरकती केवळ आपण का हरलो ते कळावं म्हणून येत असणार, असा माझा संशय आहे.

सध्या सैनिकांचं सामान पुन्हा त्याच जुन्या, शेकडो कंपन्यांच्या पद्धतीने जातं आहे, जिच्याविरुद्ध २०१८मध्ये ओरड झाली होती.