आपला नंबर मागे का जातो?

चिवड्याचा डबा एव्हाना तळाला गेला असेल, मुलांच्या शाळा सुरू झाल्या असतील आणि तुम्ही चार दिवसांनी जरा टेकला असाल. म्हणून आज पाककृती नाही की भरतकाम नाही. आज तुमच्यापुढे माझीच एक चूक सांगायची आहे. तिच्यातून तुमच्या सुट्टीच्या सहलीला उपयोगी पडेल असं काही निघालं तर बरंच.

माझं माहेर डाळजचं. एका अंगाला पुणे–सोलापूर हमरस्ता, दुसऱ्या अंगाला उजनीचं पाणी. दादाचं रस्त्यावर हॉटेल आहे, ते बरं चालतं. धाकट्या भावाचा ऊस आणि दोन म्हशी. दोघांची चूल वेगळी, पण अंगण एकच. यंदा भाऊबीजेला गेले, तर चारही मुलांनी एकच धोशा लावलेला: मोठ्या पाळण्यांच्या बागेत जायचं! धाकट्या वहिनीनं त्यासाठी दुधाच्या पगारातून दर दहा दिवसांनी थोडे थोडे पैसे बाजूला टाकले होते. साखरेच्या डब्यामागच्या त्या पुरचुंडीची गोष्ट तुम्हाला वेगळी सांगायला नको.

पहाटे चारला निघालो. तिकिटाच्या खिडकीशी गेल्यावर कळलं की तिकिटं दोन प्रकारची. साधं आणि एक्स्प्रेस. एक्स्प्रेसला पैसे बरेच वरचे, पण प्रत्येक पाळण्याला वेगळी, छोटी रांग. दादा म्हणाला, "सगळ्यांचंच एक्स्प्रेस काढतो." धाकटी वहिनी पदर सावरून म्हणाली, "नको दादा, आमचं साधंच असू द्या." तिला मिंधेपण नको होतं. दादानं फार ताणलं नाही. आपल्या चौघांचं एक्स्प्रेस काढलं आणि पाचवं माझं. "तू पाहुणी," म्हणाला. मीही मनगट पुढे केलं, त्यावर पट्टा बांधून घेतला. मैत्रिणींनो, चूक झाली ती इथेच.

पहिल्याच मोठ्या पाळण्याला धाकट्याची दोन्ही मुलं लोखंडी कठड्यांच्या नागमोडी रांगेत उभी होती. आम्ही शेजारच्या वाटेनं भराभर पुढे गेलो. नऊ वर्षांच्या भाचीनं मला पाहिलं आणि "आत्या!" म्हणून हात केला. मी हात वर केला खरा, पण दारावरचा मुलगा म्हणाला, "चला, पुढे चला," आणि मी गेले. दोन वाजेपर्यंत दादाच्या मुलांचे आठ पाळणे झाले. धाकट्याच्या मुलांचे तीन. जेवताना कुणी कुणाशी भांडलं नाही. भांडलो असतो तर बरं झालं असतं, इतकं सगळे गप्प होते.

रात्री घरी आल्यावर भांडी घासताना धाकटी वहिनी म्हणाली, "वन्सं, पैशाचं काही नाही हो. पण पोरीनं रांगेत मला विचारलं, आई, आपण पुढे सरकतोय, तरी आपला नंबर मागे का जातोय? मला काही सांगता येईना."

उत्तर मलाही देता येईना. मग चार दिवस वाचलं, विचारलं, कागदावर हिशेब मांडला. तो तुम्हीही मांडून पाहा, तिसरीच्या गणिताइतका सोपा आहे.

समजा, एका पाळण्यात २८ जणांना बसता येतं आणि दर तीन मिनिटांनी एक फेरी सुटते. म्हणजे तासाला २० फेऱ्या आणि ५६० माणसं. तुमच्यापुढे ५६० माणसं उभी असतील तर तुमचा नंबर बरोबर एका तासानं लागेल. आता दर फेरीतल्या ८ जागा एक्स्प्रेसवाल्यांना दिल्या. साध्या रांगेला उरल्या २०. तासाला ४०० माणसं. तीच ५६० माणसं संपायला आता ८४ मिनिटं लागतील. पाळणा तोच, वेगही तोच, तुमच्यापुढची माणसंही तेवढीच, आणि तुमची २४ मिनिटं मात्र गेली! गेली म्हणजे विकली गेली. विकणारा मालक, घेणारा पट्टेवाला, आणि वेळ तुमचा. एक्स्प्रेस तिकिटानं पाळण्याला एकही जागा वाढत नाही. जागा इकडची तिकडे होते, एवढंच. सगळ्यांनीच पट्टे बांधले तर कुणीच पुढे जाणार नाही. म्हणून असे पट्टे मोजकेच विकावे लागतात.

तुम्ही म्हणाल, हे फॅड आपल्याकडे कधी आलं? मुंबईजवळ गोराईला एस्सेलवर्ल्ड निघालं १९८९ साली. पुष्कळजणींनी शाळेच्या सहलीत ते पाहिलं असेल. आता ते बंद आहे. खोपोलीजवळ इमॅजिका सुरू झालं २०१३ मध्ये, आणि तिथे साध्या तिकिटाच्या जोडीला एक्स्प्रेस तिकीटही निघालं. या साऱ्याचं मूळ अमेरिकेत. कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडलं १९५५ साली. पुढे तिथे वेगवेगळ्या खेळांच्या कुपनांची पुस्तकं मिळत. ती पद्धत १९८२ मध्ये गेली आणि एकाच तिकिटात सगळं आलं. झालं! एकदा पैसे भरले की प्रत्येक पाळणा फुकटच, मग रांगा लागणारच. त्यावर डिस्नेनं १९९९ मध्ये उपाय काढला. यंत्रातून चिठ्ठी घ्यायची, तिच्यावरच्या वेळेला परत यायचं आणि छोट्या रांगेनं आत जायचं. चिठ्ठीला वेगळे पैसे नव्हते.

वाचलं आणि मला हसूच आलं. अहो, ही युक्ती आपल्या आयांना ठाऊक होती! पहाटे नळाला हंडा नंबरला लावायचा, घरी येऊन भाकरी टाकायच्या आणि नंबर येईल तसं परत जायचं. रांगेत उभा कोण? हंडा. बाई घरच्या कामाला मोकळी. आणि हंडा पितळेचा की प्लॅस्टिकचा, हे नळ पाहत नसे.

डिस्नेमधली ही बिनपैशाची चिठ्ठी २०२१ साली बंद झाली आणि त्याच वर्षी तिच्या जागी पैसे घेऊन पुढे नेणारी सोय आली. मायकेल सँडल नावाचे अमेरिकेतले एक प्राध्यापक आहेत. पैशानं काय विकत घ्यावं आणि काय घेऊ नये, यावर त्यांचं २०१२ सालचं पुस्तक आहे आणि त्याची सुरुवातच रांग मोडण्याच्या विक्रीपासून होते. म्हणजे माझ्या भाचीला पडलेला प्रश्न मोठमोठ्यांनाही पडलेला आहे.

आपल्याकडे तर देवाच्या दारीही हे आहे. तिरुपतीला ३०० रुपयांचं विशेष प्रवेश दर्शन, त्र्यंबकेश्वरला २०० रुपयांची देणगी दर्शनाची रांग. तिथे गेलेल्या मैत्रिणी म्हणतात, कडेवर पोर असलं आणि परतीची गाडी गाठायची असली की उपयोग होतो. त्यांना मी नावं ठेवणार नाही. पण पंढरपूर आठवून पाहा. तुकोबांची पालखी आमच्या इंदापूर तालुक्यातूनच जाते, त्यामुळे ती रांग आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. आषाढीला पदस्पर्श दर्शनाची रांग गोपाळपूरच्या पत्राशेडपर्यंत आणि त्याच्याही पुढे जाते. ज्याला इतकं थांबणं शक्य नाही, त्याच्यासाठी मुखदर्शनाची वेगळी, लवकर सरकणारी रांग आहे. म्हणजे दोन रांगा तिथेही आहेत, पण पाय धरायचे की लांबून मुख पाहायचं, एवढाच त्यांच्यात फरक. आणि आषाढीच्या शासकीय महापूजेला मुख्यमंत्र्यांबरोबर बसण्याचा मान कुणाला? रांगेत उभ्या असलेल्या एका वारकरी दांपत्याला. पैसे मोजून तो मान मिळत नाही, थांबूनच मिळतो.

मग काय, कुणालाच पुढे सोडू नये? तसं मुळीच नाही. आपण नळावर दिवस गेलेल्या बाईला पुढे सोडत होतोच ना? म्हातारी माणसं, तान्ह्या बाळाची आई, पायानं अधू मूल, यांना आधी जाऊ द्यावं. त्या वेळी रांगेतलं कुणी कुरकुरत नाही, कारण गरज डोळ्यांना दिसते. पट्ट्याची गरज दिसत नाही, पट्टा तेवढा दिसतो. आणि मोठ्यांपेक्षा तो मुलांना आधी दिसतो.

आता कामाच्या चार गोष्टी. पुढच्या सुट्टीत जाणार असाल तर हे कात्रण जपून ठेवा.

पहिली गोष्ट, ठरवायचं ते घरी ठरवा, खिडकीपाशी नव्हे. दोन-तीन बिऱ्हाडं मिळून जाणार असाल तर सगळ्यांची रांग एक. सगळ्यांचं एक्स्प्रेस किंवा सगळ्यांचं साधं. पैसे एकाच डब्यात जमवा आणि डब्यात किती आहेत ते पाहून तिकीट ठरवा. एकीनं नको म्हटलं तर दुसरीनंही मनगट आवरावं. मी आवरलं नाही.

दुसरी गोष्ट दिवसाची. शनिवार, रविवार आणि दिवाळीचा आठवडा शक्यतो टाळा. साध्या वारी गर्दी कमी असते आणि पट्ट्याचा सवालच उरत नाही. दार उघडायच्या अर्धा तास आधी पोहोचा. आत शिरल्यावर बहुतेक लोक दारालगतच्या पहिल्याच पाळण्याला थबकतात. तुम्ही सरळ आत, लांबच्या मोठ्या पाळण्याकडे जा. जेवणाच्या वेळी रांगा आखडतात, तेव्हा दुसरा मोठा पाळणा उरका आणि जेवण थोडं आधी किंवा नंतर घ्या. बाहेरचं खाणं बहुतेक ठिकाणी आत नेऊ देत नाहीत, तेव्हा दशम्या-चटणी गाडीतच पोटभर खाऊन घ्या.

तिसरी गोष्ट, मुलांची उंची घरीच दाराच्या चौकटीला लावून मोजा. मोठ्या पाळण्यांना उंचीची अट असते. तास तासभर उभं राहून तोंडाशी परत फिरावं लागलं की मुलाचं रडं आवरत नाही, आणि चूक त्याची नसते.

चौथी गोष्ट थांबण्याची. डेव्हिड मेस्टर नावाच्या अभ्यासकानं १९८५ साली रांगेतल्या मनाविषयी लिहिलं आहे. रिकामा वेळ लांब वाटतो, किती थांबायचं ते ठाऊक नसलं की आणखी लांब वाटतो, एकट्याला लांब वाटतो, आणि अन्याय होतोय असं वाटलं की तेव्हाही लांब वाटतो. तेव्हा रांगेत शिरतानाच किती वेळ लागेल ते विचारून मुलांना सांगा. भेंड्या, कोडी, पाढे, काहीतरी चालू ठेवा. आणि हो, एकाला रांगेत उभं करून मागून सहाजण घुसवू नका. तीही एक्स्प्रेसच झाली, बिनपैशाची.

निघायच्या आदल्या दिवशी भाचीला हाक मारली. ओसरीवर शेंगदाणे मांडले. अठ्ठावीस दाण्यांचा एक पाळणा. त्यातले आठ दाणे उचलून बाजूला ठेवले आणि तिला मोजायला लावलं. तिनं दोनदा मोजलं. म्हणाली, "म्हणजे आमचे आठ दाणे तुम्हाला दिले."

"हो गं. एक मलाही दिला," मी म्हटलं. "चुकलंच माझं. मी तुझ्या रांगेत यायला हवं होतं."

तिनं जरा विचार केला. मग म्हणाली, "पण आत्या, थांबलो आम्ही. मग दादाकाकांनी दिलेले जास्तीचे पैसे आम्हाला का नाही मिळाले?"

मैत्रिणींनो, याचं उत्तर माझ्याजवळ नाही. कुणाला सुचलं तर जरूर कळवा, तिला वाचून दाखवीन. उन्हाळ्याच्या सुट्टीत पुन्हा जायचं ठरलं आहे. डबा आतापासूनच धाकट्या वहिनीच्या फडताळात ठेवला आहे, पहिली नोट दादानं टाकली आणि दुसरी मी. या खेपेला सगळ्यांची रांग एक.

आणि बाजूला काढलेले ते आठ दाणे? ते तिनंच खाल्ले. तेवढा हक्क तिचा होताच.

पुढच्या आठवड्यात थंडीतल्या गरम कपड्यांच्या निगेविषयी बोलू.