रेकॉर्ड रूम, गूगल आणि आभा

सोलापूर किंवा लातूरला उपचार घेऊन आलेला पेशंट ओपीडीत समोर बसतो आणि म्हणतो, "कागद घरीच राहिले, डॉक्टरसाहेब." सोबतचा मुलगा विचारतो, "गूगलवर सगळं सेकंदात सापडतं, मग दवाखान्याचं का नाही?" प्रश्न रास्त आहे.

पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते, तशी सूची शोधयंत्र आधीच करून ठेवते. ती एका संगणकात मावत नाही, म्हणून तिचे तुकडे करतात. ते शब्दांनुसार पाडले, तर 'सर्पदंश उपचार' असे विचारल्यावर दोनच संगणकांना गाठावे लागते. पण 'उपचार' या शब्दाची यादी अवाढव्य. ती जुळवणीसाठी इकडून तिकडे पाठवायची, आणि असे रोजचे शब्द ज्याच्याकडे, त्याच्यावरच सगळी गर्दी. म्हणून बहुधा शब्दांऐवजी पानेच वाटून देतात. गूगलच्या अभियंत्यांनी २००३ मध्ये ही रचना प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांच्याकडे १५,००० हून अधिक साधे पीसी होते. प्रत्येक तुकड्यात सरमिसळ निवडलेली पाने, आणि एकेका तुकड्यासाठी अनेक संगणक. प्रश्न सगळ्या तुकड्यांकडे एकाच वेळी जातो आणि आलेली उत्तरे एकत्र करून आपल्याला दाखवली जातात. आमच्या रेकॉर्ड रूममध्ये एका कारकुनाऐवजी पन्नास जण, प्रत्येकाकडे एकच रॅक, असे समजा. (त्या पन्नासांनाही सांगावे लागेल, की २०२३ आधीच्या कागदांवरचे उस्मानाबाद म्हणजेच धाराशिव.)

मात्र सगळ्यांत संथ कारकुनासाठी बाकीचे खोळंबतात. जेफ डीन आणि लुइस बारोसो यांनी २०१३ मध्ये याचा हिशेब मांडला. एक संगणक शंभरातून एकदाच सेकंदाहून जास्त वेळ घेत असला, तरी शंभरांना एकदम विचारल्यावर ६३ टक्के प्रश्न रखडतात. त्यामुळे कधी कधी उशीर करणाऱ्याला सोडून उरलेल्यांचे उत्तर देऊन टाकतात. पुरणपोळीची कृती शोधणाऱ्याचे त्यात काही बिघडत नाही.

आता आभा. १४ आकडी क्रमांक बऱ्याच जणांनी काढला आहे. आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये नोंदी एका कोठारात जात नाहीत. त्या ज्या दवाखान्यात तयार झाल्या तिथेच राहतात आणि पेशंटच्या संमतीने मागवल्या जातात. मला हे पटते. साऱ्या देशाची दुखणी एका जागी कशाला हवीत? पण त्या दवाखान्याची यंत्रणा नेमकी बंद असली आणि पेशंटने नोंद आधीच ॲपमध्ये उतरवून घेतलेली नसली, तर तो तुकडा येतच नाही. त्यात पेनिसिलिनची ॲलर्जी लिहिलेली असेल, तर?

रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत बसलेल्या डॉक्टरला स्क्रीनवर रिकामी जागा दिसते. 'ॲलर्जी नाही' आणि 'या दवाखान्याकडून उत्तर आले नाही' यांत फरक आहे, आणि तो स्क्रीनवर ठळक अक्षरांत दिसला पाहिजे. तोवर मी पेशंटच्या पिशवीतले जुने कागद तपासत राहीन.